ओपिऑइड व्यसन रोखणारा शाळा-कॉलेजातला कार्यक्रम परवडतो का? खर्च-लाभ काढण्याची पायरीवार रीत

व्यसनप्रतिबंधाच्या कार्यक्रमांचे अहवाल उघडले की शेवटच्या पानावर साधारण एकच मजकूर सापडतो. इतक्या शाळा, इतकी व्याख्यानं, इतक्या मुलांनी शपथ घेतली. त्याखाली एकूण खर्चाला मुलांच्या संख्येनं भागून काढलेला 'प्रति लाभार्थी' आकडा. याला खर्च-लाभाचा हिशेब म्हणत नाहीत. यात खर्चाचा एक तुकडा आहे आणि लाभ मुळीच नाही, कारण शपथ घेणं हा लाभ नसतो. याच्या उलट दुसरी चूक निधीच्या अर्जांत दिसते. अमेरिकेतल्या एखाद्या अभ्यासातलं 'एका डॉलरमागे इतके डॉलर परत' हे वाक्य उचलायचं, डॉलरच्या जागी रुपये लिहायचे आणि मोकळं व्हायचं.

पुढची रीत शाळा-कॉलेजात काम करणाऱ्या संस्था, समाजकार्याचे विद्यार्थी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मंजूर करणारे आणि जिल्हा पातळीवरचे अधिकारी यांच्यासाठी आहे. एक एक्सेल फाइल पुरते. चुका आकडेमोडीत कमी होतात, क्रमात जास्त. म्हणून टप्पे दिलेत त्याच क्रमानं करा.

## आधी ठरवा: नेमकं काय रोखायचं आहे

ओपिऑइड म्हणजे अफू आणि अफूसारखी क्रिया करणारे सगळे पदार्थ: अफू, डोडा, हेरॉइन, ब्राउन शुगर म्हणजे गर्द, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, आणि ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन ही वेदनाशामकं. गांजा ओपिऑइड नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नाही. अल्प्राझोलॅमची 'कुत्ता गोळी' नाही. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणं तर नाहीच. हे सगळं एकाच 'ड्रग्ज' रकान्यात भरलं की पुढचा प्रत्येक आकडा बिघडतो. बहुतेकांचा हिशेब याच जागी पहिल्यांदा घसरतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, गेल्या १२ महिन्यांत ओपिऑइड घेतलेल्यांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.८ टक्के आढळलं. ओपिऑइडमुळे मदतीची गरज असलेले देशभरात सुमारे ७७ लाख लोक आहेत, असा तिचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे. १.८ हा आकडा लक्षात ठेवा, सातव्या टप्प्यावर लागेल.

तयारीला चार गोष्टी जवळ असू द्या: कार्यक्रमाचा तासिकावार आराखडा, संस्थेच्या हिशेबाची कीर्द, शाळांचं वेळापत्रक, आणि पालकांच्या संमतिपत्राचा नमुना. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची सहमती अशी दोन्ही लागतात. मुख्याध्यापकांची सही या दोन्हींच्या जागी चालत नाही.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वाक्यात पाच गोष्टी याव्यात: कोणता कार्यक्रम, कोणासाठी, कशाच्या तुलनेत, कोणाच्या नजरेतून, किती वर्षांपर्यंत.

उदाहरण: 'आठवीच्या मुलांसाठी १५ तासिकांचा जीवनकौशल्य कार्यक्रम आणि तीन पालक सभा, सध्या शाळेत चालणाऱ्या वार्षिक व्याख्यानाच्या तुलनेत, समाजाच्या नजरेतून, बारावीपर्यंत.'

सर्वाधिक सुटणारा भाग म्हणजे 'कशाच्या तुलनेत'. लोक गृहीत धरतात की कार्यक्रम नसता तर शाळेत काहीच झालं नसतं. प्रत्यक्षात १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे, पोलिसांची व्याख्यानं होतात, प्रभातफेऱ्या निघतात. तुमच्या कार्यक्रमाचा खर्च आणि लाभ म्हणजे या सगळ्याच्या वर पडलेली भर. व्याख्यान बंद करून त्या जागी तुमच्या तासिका आल्या असतील, तर व्याख्यानाचा वाचलेला खर्च वजा करायला हवा.

तपासा: हे वाक्य कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. 'म्हणजे नेमकं कशाशी तुलना?' असं त्यानं विचारलं, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कोणाच्या खिशातून जातं ते ठरवा

संस्थेच्या नजरेतून शिक्षकाचा वेळ फुकट असतो, शाळेच्या नजरेतून नसतो. पालकाची बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी दोघांनाही दिसत नाही, पालकाला दिसते. एकाच कार्यक्रमाचे तीन हिशेब निघतात आणि तिन्ही खरे असतात. खोटेपणा सुरू होतो तो खर्च संस्थेच्या नजरेतून आणि लाभ साऱ्या समाजाच्या नजरेतून मोजला की. निधी मागणाऱ्या अर्जांत ही युक्ती इतकी सर्रास दिसते की ती युक्ती आहे हेच विसरलं गेलंय.

माझी शिफारस: समाजाची नजर घ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे 'कोण भरतं' असा रकाना ठेवा. मग हवं तेव्हा संस्थेपुरती किंवा सरकारपुरती बेरीज वेगळी काढता येते. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळानं १९८३ साली उभी केलेली सार्वजनिक धोरण संस्था असंच करते. तिच्या तक्त्यांत सहभागी व्यक्ती, करदाते आणि इतर यांचे लाभ वेगवेगळे दाखवलेले असतात.

## टप्पा ३: खर्च होत असतानाच लिहा

वर्ष संपल्यावर व्हाउचरच्या गठ्ठ्यावरून खर्च काढायचा, ही सवय सोडा. व्हाउचरमध्ये पैसे दिसतात, वेळ दिसत नाही. आणि प्रतिबंधाच्या कार्यक्रमात वेळ हाच मोठा खर्च असतो.

पद्धत सोपी आहे. कार्यक्रम कामांमध्ये तोडा: शिक्षक प्रशिक्षण, वर्गातल्या तासिका, पालक सभा, देखरेख, कार्यालय. प्रत्येक कामासाठी कोण, किती तास, कोणत्या दरानं, कोणतं साहित्य, हे लिहा. शिक्षकांना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर दोनच प्रश्न विचारा: तासिका झाली का, आणि तयारीला किती वेळ लागला. महिनाअखेरीस विचारलं तर सगळे 'अर्धा तास' लिहितात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १० शाळा, आठवीच्या ३० तुकड्या, १,२०० मुलं. दर मी सोयीसाठी गृहीत धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

- दोन समन्वयक, महिना २५,००० रुपये, १२ महिने: ६,००,०००
- ३० शिक्षकांचा प्रशिक्षणातला तीन दिवसांचा वेळ, दिवसाला २,००० प्रमाणे: १,८०,०००
- प्रशिक्षणाची जागा, जेवण, साहित्य: ९०,०००
- ३० तुकड्यांत १५ तासिका, तयारी धरून प्रत्येकी दीड तास, म्हणजे ६७५ तास, तासाला ३००: २,०२,५००
- कार्यपुस्तिका, १,२०० नग, प्रत्येकी १२०: १,४४,०००
- ३० पालक सभांची व्यवस्था, प्रत्येकी ३,०००: ९०,०००
- ६०० पालकांचे तीन सभांतले प्रत्येकी दोन तास, तासाला ६०: २,१६,०००
- प्रवास: ७५,०००
- कार्यालयाच्या भाड्या-बिलांतला कार्यक्रमाचा वाटा: १,०२,५००

एकूण १७,००,०००, म्हणजे मुलामागे सुमारे १,४१७ रुपये. यातली रोख रक्कम फक्त ११,०१,५०० आहे, मुलामागे ९१८. उरलेला पस्तीस टक्के खर्च शिक्षकांच्या आणि पालकांच्या वेळेचा आहे, आणि कीर्दीत त्याची एकही ओळ नाही. पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम १०० शाळांत न्यायचा म्हटलं की तो अचानक वर येतो, कारण दहा शाळांतले उत्साही शिक्षक फुकट वेळ देतात, शंभर शाळांतले देत नाहीत.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिलं, सुरुवातीचा एकदाचा खर्च (मराठी साहित्य तयार करणं, चित्रं, छपाईपूर्व काम) आणि दरवर्षीचा खर्च. एकदाचा खर्च साहित्य जितकी वर्षं वापरणार तितक्या वर्षांवर वाटा. दुसरं, मूल्यमापनाचा खर्च. प्रश्नावली छापणं, माहिती भरणं, विश्लेषकाचं मानधन हा कार्यक्रमाचा खर्च नाही, तो निराळ्या पानावर लिहा. तिसरं, दान. कोणी सभागृह फुकट दिलं तर त्याचं बाजारभावानं भाडं धरा आणि 'कोण भरतं' या रकान्यात देणाऱ्याचं नाव टाका.

सावधान: वर्गातल्या मुलांच्या वेळेला पैशांत किंमत लावायच्या फंदात पडू नका. पण कोणत्या विषयाची तासिका गेली ते नोंदवा. गणिताच्या तासाला गेलेल्या १५ तासिका आणि 'ऑफ' तासाला गेलेल्या १५ तासिका सारख्या नाहीत, आणि मुख्याध्यापक हा प्रश्न विचारणारच.

## टप्पा ४: कार्यक्रम खरंच झाला का, ते पाहा

परिणाम मोजण्याआधी हे. १५ पैकी ९ तासिका झाल्या, त्यातल्या चार शेवटच्या आठवड्यात उरकल्या, भूमिका-नाट्याच्या जागी शिक्षकांनी मजकूर वाचून दाखवला. असा कार्यक्रम फसला तर दोष आराखड्याचा की अंमलबजावणीचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

निदान दहापैकी एक तासिका बाहेरच्या माणसानं मागच्या बाकावर बसून पाहावी आणि चारच गोष्टी टिपाव्यात: किती मुद्दे घेतले, किती मुलं बोलली, सराव झाला का, वेळ पुरला का. पालक सभेची उपस्थिती आकड्यात लिहा. 'चांगला प्रतिसाद' हा आकडा नाही.

## टप्पा ५: परिणाम मोजा, पण आपल्या आवाक्यात

इथे जास्त वेळ द्यावा लागतो, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्नावली. शब्द मुलांचे वापरा, पण अपमानाचे नकोत. 'गर्द' चालेल, 'गर्दुल्ला' अजिबात नाही. औषधांबाबत विचारताना 'डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना, किंवा सांगितल्यापेक्षा जास्त' हे प्रत्येक प्रश्नात लिहा. नाहीतर दात काढल्यावर ट्रामाडॉल घेतलेलं मूलही व्यसनी ठरतं. 'आयुष्यात कधी', 'गेल्या १२ महिन्यांत' आणि 'गेल्या ३० दिवसांत' असे तीन वेगळे प्रश्न ठेवा. यादीत एक अस्तित्वात नसलेलं नाव घुसवा. त्यावर 'हो' म्हणणारी मुलं फुशारकी मारताहेत हे कळतं आणि त्यांचे कागद बाजूला काढता येतात. युरोपातल्या शालेय पाहण्यांत ही युक्ती फार वर्षं वापरात आहे.

वर्गशिक्षक खोलीत नकोत. नाव नको, हजेरी क्रमांक नको. आधीचा आणि नंतरचा कागद जोडायला मुलानं स्वतः बनवलेला संकेत वापरा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा दिवस, असं काही. मात्र एखादं मूल सांगायला पुढे आलंच, तर त्याला कुठे पाठवायचं ते आधी ठरलेलं असावं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर छापा.

तुलना गट. आधी-नंतरचा फरक हा परिणाम नव्हे. आठवीतलं मूल दहावीत जातं तेव्हा वापर सगळीकडेच वाढतो. उत्तम कार्यक्रमातही तो वाढलेला दिसेल, फक्त इतरांपेक्षा कमी. तुलना गट नसेल तर तुम्ही चांगला कार्यक्रम बंद कराल. सगळ्यांना कार्यक्रम द्यायचाच असेल तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना यंदा आणि निम्म्यांना पुढच्या वर्षी द्या. कोणावर अन्याय होत नाही आणि वर्षभराची तुलना मिळते. चिठ्ठ्या शाळांच्या टाका. एकाच शाळेतल्या दोन तुकड्यांत वाटणी केली तर मधल्या सुट्टीतच सगळं एकमेकांत मिसळतं.

किती मुलं लागतील? हा हिशेब लोक टाळतात. समजा बारावीपर्यंत ओपिऑइडचा गैरवापर ५ टक्के मुलं करतात आणि कार्यक्रम तो ४ टक्क्यांवर आणेल. हा फरक खात्रीनं (९५ टक्के विश्वासपातळी, ८० टक्के क्षमता, म्हणजे फरक खरंच असेल तर तो दिसण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात सुमारे ६,७०० मुलं लागतात. तीही प्रत्येक मूल स्वतंत्रपणे निवडलं तर. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून ही संख्या फुगते. वर्गात ४० मुलं आणि त्यांच्यातलं साम्य (शून्य ते एक या मापावर) ०.०२ धरलं तर १ + ३९ × ०.०२ = १.७८ पट, म्हणजे गटात जवळपास १२,००० मुलं.

तुमच्याकडे १,२०० आहेत. तेव्हा 'आमच्या कार्यक्रमामुळे ओपिऑइडचा वापर घटला' असं दहा शाळांच्या पाहणीवरून म्हणताच येत नाही, आकडे कितीही गोड दिसोत. निराश होऊ नका, मधले टप्पे मोजा: नकार देण्याचं कौशल्य, 'सगळेच घेतात' हा गैरसमज, घरातल्या औषधांवर पालकांची नजर, तंबाखू आणि दारूची सुरुवात. तंबाखू-दारूचं प्रमाण जास्त असल्यानं तिथला फरक लहान नमुन्यातही दिसू शकतो.

तपासा: कोणता परिणाम मुख्य आणि कोणते दुय्यम, हे पाहणीपूर्वी लिहून, तारीख टाकून, दोघांच्या सह्या घ्या. वीस प्रश्नांतून जिथे फरक दिसला तोच नंतर 'मुख्य' ठरवणं म्हणजे बाण मारून मग वर्तुळ काढणं.

## टप्पा ६: परदेशी आकडा उसना घेताना

मुख्य परिणाम स्वतः मोजता येत नसेल तर दुसऱ्यांनी मोजलेला उसना घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण काय घ्यायचं आणि काय नाही, याची रेष पक्की हवी: परिणामाचं प्रमाण थोडं कमी करून घ्या, पैशांचा आकडा घेऊ नका.

परिणामाचं प्रमाण कुठून घ्यायचं? या विषयातला सर्वांत उपयोगी दाखला 'प्रॉस्पर' या चाचणीचा. आयोवा आणि पेनसिल्व्हेनियातली २८ ग्रामीण गावं-शहरं, निम्म्यांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही. सहावीत कुटुंबासाठी सात सत्रं: पहिला तास पालक आणि मुलं वेगळी, दुसरा तास एकत्र. सातवीत शाळेतला एक कार्यक्रम, तीन पर्यायांतून स्थानिक गटानं निवडलेला. त्यातलाच एक 'लाइफ स्किल्स ट्रेनिंग'. तो पूर्ण घेतला तर तीन वर्षांत १५, १० आणि ५ अशा ३० तासिकांचा आहे. शाळेच्या अखेरच्या वर्षांपर्यंत या मुलांमध्ये डॉक्टरांच्या औषधी ओपिऑइडचा गैरवापर तुलना गटापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ही सापेक्ष घट आहे: १०० पैकी २० मुलं वाचली असा अर्थ नाही, गैरवापर करणाऱ्या दर पाचांमागे एक कमी झालं.

हे प्रमाण महाराष्ट्रातल्या शाळेत जसंच्या तसं लावू नका. तिथे औषधाचा स्रोत बहुतेकदा घरातलं कपाट किंवा मित्र होता. इथे दुकानातून मिळणारं कोडीनचं सिरप आणि रस्त्यावरचं गर्द आहे. शिवाय कार्यक्रम ज्यांनी बनवला त्यांनीच तपासला की परिणाम मोठा दिसतो. वॉशिंग्टनची संस्था अशा निष्कर्षांना कात्री लावूनच वापरते. मी तीन आकडे लावून पाहीन: २० टक्के, १० टक्के आणि शून्य.

शून्य का? कारण शून्य परिणाम ही कल्पना नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला, वर्गात पोलिस अधिकारी पाठवणारा 'डेअर' कार्यक्रम अमेरिकाभर पसरला, आणि त्याच्या मूळ स्वरूपाचे एकत्रित अभ्यास पाहिले तर व्यसनावर नगण्य परिणाम दिसतो. त्याहून वाईटही घडतं. अमेरिकेच्या संसदेनं १९९८ ते २००४ दरम्यान तरुणांसाठीच्या व्यसनविरोधी जाहिरात मोहिमेवर सुमारे एक अब्ज डॉलर घातले. मूल्यमापनात गांजाचा वापर घटल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट मोहिमेमुळे गांजाकडे ओढा वाढल्याच्याच काही खुणा सापडल्या. प्रभातफेरी आणि भाषणांवरच उभ्या असलेल्या कार्यक्रमाला प्रॉस्परचे २० टक्के लावणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आता पैशांचा आकडा का नको. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी २०१७ या एका वर्षातला ओपिऑइडचा आर्थिक बोजा सुमारे १ लाख २ हजार कोटी डॉलर काढला. मोठा आकडा, उचलायला सोपा. पण त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे अकाली गेलेल्या जिवांची आणि खालावलेल्या आयुष्याची पैशांत मांडलेली किंमत आहे. ही किंमत तिथल्या लोकांच्या उत्पन्नावर बेतलेली असते. उपचार, पोलिस, तुरुंग, बुडालेलं काम हे सगळं मिळून उरलेला लहान वाटा. त्यातही तिथली मृत्युसंख्या बेकायदा फेंटानिल या अतिशय तीव्र कृत्रिम ओपिऑइडनं फुगलेली आहे, आणि आपल्याकडचं चित्र तसं नाही. या आकड्याला व्यसनी माणसांच्या संख्येनं भागून डॉलरच्या रुपयांतल्या दरानं गुणलं, तर कुठलाही कार्यक्रम सोन्याची खाण ठरेल.

## टप्पा ७: लाभाचा हिशेब उलटा करा

सरळ हिशेब असा: किती मुलं वाचली, गुणिले एका मुलामागे वाचलेले पैसे, भागिले खर्च. यातल्या दोन संख्या तुम्हाला खात्रीनं माहीत नाहीत. म्हणून उलट विचारा: हा खर्च वसूल व्हायला किती मुलं वाचायला हवीत? लहान संस्थेसाठी सगळ्या रीतींत मला हीच प्रामाणिक वाटते.

एका मुलाचा गैरवापर टळल्यानं किती वाचतं ते स्थानिक आकड्यांनी बांधा: व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम किंवा सरकारी केंद्रात मिळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार (तलफ आवरायला देखरेखीखाली दिलेलं औषध), पुन्हा व्यसनात पडण्याचं प्रमाण, कुटुंबाचे प्रवास आणि बुडालेले दिवस, तरुणाची बुडालेली कमाई, सुईनं घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचे उपचार, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालचा खटला. जिल्ह्यातल्या दोन-तीन केंद्रांकडून खर्चाचे आकडे मागा. नावं मागू नका.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. गैरवापर सुरू करणं म्हणजे व्यसनी होणं नव्हे. ज्यानं दोनदा सिरप पिऊन पाहिलं त्याच्या खात्यावर आयुष्यभराच्या व्यसनाचा खर्च टाकता येत नाही. समजा व्यसनी माणसामागे आजच्या किमतीत १२ लाख रुपयांचं नुकसान होतं आणि गैरवापर करणाऱ्या दहांपैकी एकच तिथवर जातो. मग टळलेल्या एका गैरवापरामागे १,२०,००० धरायचे, १२ लाख नाही. (दोन्ही आकडे पुन्हा गृहीतच.)

वरचे १७ लाख भागिले १.२ लाख, म्हणजे १४.२, पूर्णांकात १५ मुलं. आता १,२०० मुलांत बारावीपर्यंत ५ टक्के गैरवापर धरला तर ६० मुलं होतात. त्यातली १५ वाचायला २५ टक्के घट हवी. प्रॉस्परमध्ये २० मिळाली होती. म्हणजे निव्वळ ओपिऑइडच्या जोरावर हा कार्यक्रम थोडक्यात हुकतो. राष्ट्रीय पाहणीतल्या १.८ च्या जवळचा २ टक्के दर घेतला तर २४ मुलं, आणि ६० टक्क्यांहून जास्त घट लागते. ते होणार नाही. उलट टळलेल्या गैरवापरामागे दोन लाख धरता आले तर नऊ मुलं पुरतात, म्हणजे ५ टक्के दरावर १५ टक्के घट. ती शक्य वाटते.

यातून काय दिसतं? कार्यक्रम परवडतो की नाही हे तासिकांच्या दर्जाइतकंच शाळेच्या निवडीवर ठरतं. जिथे समस्या आहे तिथे तो परवडतो. जिथे मुख्याध्यापक उत्साही आहेत म्हणून नेला, तिथे परवडेलच असं नाही.

तंबाखू आणि दारूवरही परिणाम होत असेल तर तो लाभ जमेस धरणं रास्त आहे. जीवनकौशल्याचे कार्यक्रम एकाच पदार्थापुरते चालत नाहीत. पण अट पाचव्या टप्प्यातली: आधी जाहीर केलेलं असावं. आणि एकच पैसा दोनदा मोजू नका. आयुष्याच्या गमावलेल्या वर्षांना पैशांत किंमत लावली असेल तर त्याच वर्षांची कमाई पुन्हा मिळवायची नाही. घरातून चोरलेले पैसे हा समाजाच्या नजरेतून तोटा नसतो, ते एका खिशातून दुसऱ्यात गेले. कुटुंबाच्या नजरेतून मात्र तो तोटाच आहे.

## टप्पा ८: वर्षांचा वटाव

खर्च यंदा, लाभ दहा वर्षांनी. उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी धरतात, या घटीला वटाव म्हणतात. आरोग्याच्या आर्थिक मूल्यमापनात वर्षाला ३ टक्के हा वटाव दर रूढ आहे. त्यानुसार दहा वर्षांनी मिळणाऱ्या १,००,००० रुपयांची आजची किंमत ७४,४०९ येते. ५ टक्क्यांनी ६१,३९१. दोन्ही दरांनी करून दाखवा.

महागाई वेगळी. सगळे आकडे एकाच वर्षाच्या किमतीत आणा, मगच वटाव लावा. महागाई धरलेले आकडे आणि महागाई न धरलेला दर असं मिश्रण केलं की लाभ फुगतो, आणि ते सहज कुणाच्या नजरेला येत नाही.

## टप्पा ९: आकडे हलवून पाहा

एका वेळी एकच आकडा बदला: परिणामाचं प्रमाण, मूळ दर (कार्यक्रम नसताना गैरवापर करणाऱ्या मुलांचं प्रमाण), टळलेल्या गैरवापरामागची किंमत, शिक्षकाच्या तासाचा दर, वटाव. कोणता आकडा थोडा हलवल्यावर निकाल उलटतो ते पाहा. वरच्या उदाहरणात शिक्षकाचा दर ३०० वरून ४०० केला तर एकूण खर्च ६७,५०० नं वाढतो, निकाल तसाच राहतो. मूळ दर ५ वरून २ केला तर सगळं कोसळतं. म्हणजे पुढच्या वर्षी पैसे कुठे घालायचे? शिक्षकाच्या तासाचा दर किती धरायचा या वादात नव्हे, तर कार्यक्रमाआधीच्या नीट पायाभूत पाहणीत.

ज्यांना जमेल त्यांनी सगळे आकडे एकाच वेळी हजारो वेळा यादृच्छिक बदलून पाहावेत. वॉशिंग्टनची संस्था असं दहा हजार वेळा करते आणि 'लाभ खर्चापेक्षा जास्त असण्याची शक्यता इतके टक्के' असं लिहिते. 'एका रुपयामागे सात रुपये' यापेक्षा ते वाक्य कितीतरी खरं असतं.

## टप्पा १०: अहवाल

पहिल्या पानावर टप्पा १ मधलं वाक्य, एकूण खर्च, मुलामागचा खर्च आणि वसुलीला लागणाऱ्या मुलांची संख्या. दुसऱ्या पानावर 'कोण भरतं' या रकान्यासह खर्चाचा तक्ता. तिसऱ्यावर गृहीतकांची यादी: कोणता आकडा मोजलेला, कोणता उसना, कोणता अंदाज. या तिघांना वेगळे रंग द्या. निधी देणाऱ्यांना तेवढं एक पान वाचलं तरी पुरतं. काय लिहायचं राहिलं ते पाहायला आरोग्याच्या आर्थिक मूल्यमापनाच्या अहवालांसाठीची 'चीअर्स' ही २०२२ साली सुधारलेली २८ मुद्द्यांची आंतरराष्ट्रीय यादी वापरा.

लाभ-खर्चाचं गुणोत्तर दिलंच तर शेजारी निव्वळ रक्कमही द्या. दहा हजारांच्या पोस्टर मोहिमेचं गुणोत्तर कागदावर दहा येऊ शकतं आणि सतरा लाखांच्या कार्यक्रमाचं दीड. पण पहिल्यात ९०,००० वाचतात, दुसऱ्यात साडेआठ लाख.

एक्सेलची फाइल अहवालासोबतच द्या, सूत्रं खुली ठेवून. दर रकान्यावर किमतीचं वर्ष लिहा, आणि संकेत घातलेल्या मूळ प्रश्नावल्या हा गट बारावीला पोहोचेपर्यंत कुलपात ठेवा; दुसरी पाहणी त्याच संकेतांवर जोडायची आहे.